गाडीतली शेगडी सारखी मंदावते, पिवळी जळते, विझते : दोष नेमका कुठे?

मिनीबसची घरगाडी करून फिरणारे, चैत्रात सप्तशृंगगडाच्या पायी दिंड्यांसोबत स्वयंपाकाची गाडी नेणारे, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गाडीतच मुक्काम ठोकणारे, या सगळ्यांची तक्रार सारखीच असते. घरात जी शेगडी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते, तीच गाडीत बसवली की दर दोन फेऱ्यांनी कुरकुरते. मग दुकानातून नवा रेग्युलेटर येतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

रेग्युलेटर बिघडतो, पण जितक्या वेळा बदलला जातो त्याच्या मानानं फारच क्वचित. गाडीतल्या शेगडीचा दोष ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्रास कधी सुरू होतो ते बघणं. पेटवल्यापेटवल्या, दहा-पंधरा मिनिटांनी, घाट उतरल्यावर, की नॉब सोडल्यासोडल्या? या चारही वेळांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

वास येत असेल तर आधी हे

गॅसचा वास येतोय आणि तुम्ही बर्नर उघडून बघताय, असं होऊ देऊ नका. टाकीवरचा रेग्युलेटर बंद करा. लायटर, दिव्याचं बटण, एक्झॉस्ट पंखा, गाडीची चावी यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा मोहही आवरा, कारण ठिणगी तिथेही पडते. दारं उघडा आणि सगळ्यांना खाली उतरवा. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. वरच्या खिडकीतून तो जात नाही. फरशीवर, पायरीच्या खळग्यात, सीटखालच्या पेटीत साचून राहतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेतो. म्हणून खिडकीपेक्षा पायरीकडचं दार उघडणं महत्त्वाचं. गाडी उतारावर उभी असेल तर तो उताराच्या बाजूच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत टिकतो. गळती थांबत नसेल तर गाडीपासून लांब जाऊन 1906 लावा. हा गॅस गळतीचा आणीबाणी क्रमांक आहे.

रेग्युलेटर काढल्यावर टाकीच्या तोंडातून फुसफुस येत असेल, तर आतली पिन अडकलेली असते. पिनेला खिळा-काडी लावू नका. दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी घट्ट बसवा, टाकी मोकळ्या जागेत उभी ठेवा आणि एजन्सीला कळवा. या टोप्या घरोघरी हरवलेल्या असतात. गाडीतल्या टाकीची तरी जपून ठेवा.

दहा-पंधरा मिनिटांनी ज्योत बसते

संध्याकाळी भाकरी नीट होतात, पहाटे चहाला मात्र ज्योत उठत नाही, ही तक्रार डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडून हमखास येते. तोरणमाळ किंवा अक्कलकुव्याकडचं डाब अशा ठिकाणी मुक्काम असेल तर जास्तच. तिथे थंडीत दव गोठतं.

टाकीत गॅस द्रवरूपात असतो. वापर सुरू झाला की तो उकळून वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून ओढतो. हवाच गार असेल आणि तुम्ही भराभर गॅस ओढत असाल, तर टाकी स्वतःच थंड होत जाते आणि आतला दाब पडतो. त्यात आपल्याकडचा एलपीजी म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, साधा ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. टाकी चालू असताना प्रोपेन आधी जास्त निघून जातो आणि तळाशी उरतो तो बराचसा ब्युटेन. म्हणून नवी टाकी थंडीतही जोरात चालते आणि तीच टाकी पाव उरली की पहाटे हात टेकते. अमेरिकेतल्या घरगाड्यांत जवळजवळ शुद्ध प्रोपेन भरतात, तिथले लोक गोठणबिंदूखालीही शेगडी चालवतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्या टाकीकडून तीच अपेक्षा ठेवली की फसगत होते.

वापर किती आहे यावरही बरंच अवलंबून आहे. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण 150 ते 200 ग्रॅम गॅस खातो. पाच किलोच्या टाकीला दोन बर्नर सहज झेपतात. यात्रेच्या स्वयंपाकाची भट्टी तासाला किलोच्या घरात जाते. ती पाच किलोच्या टाकीवर लावली तर टाकी भरलेली असूनही अर्ध्या तासात घामेजते, गार पडते आणि ज्योत बसते. भट्टी लावायचीच असेल तर 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्या आणि गाडीबाहेर जमिनीवर उभी करून वापरा.

ओळखायची खूण: ज्योत बसल्यावर टाकीला हात लावा. खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्ट गार असेल, त्यावर ओल किंवा दव असेल, तर दोष हाच. ओलीची वरची कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी, म्हणजे किती उरलं तेही कळलं.

उपाय साधा आहे: एक बर्नर बंद करा, किंवा टाकी बदलून पहिलीला अर्धा-एक तास विश्रांती द्या. ती आपोआप हवेच्या तापमानाला येते. टाकीला गोधडी गुंडाळतात तो उपाय उलटा आहे. टाकी स्वतः उष्णता तयार करत नाही, बाहेरची ओढते, आणि गोधडी तीच अडवते. उकळतं पाणी ओतणं, शेजारी शेकोटी करणं, हीटरसमोर ठेवणं, यांतलं काहीही करायचं नाही. टाकी आडवी करून 'उरलासुरला' गॅस काढण्याची सवय तर याहून वाईट. आडव्या टाकीतून द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, शेगडीवर हातभर ज्वाळा उठते आणि रेग्युलेटरचा आतला पडदा चिकट होऊन बसतो. टाकी उभीच वापरायची आणि प्रवासातही उभीच बांधायची.

उरलेला गॅस मोजायला नळीत लावायची 'गेज' घेऊ नका. द्रवाचा शेवटचा थेंब उकळेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, त्यामुळे काटा अर्ध्या टाकीला आणि पाव टाकीला एकच आकडा दाखवतो. शिवाय नळीत एक जोड वाढला म्हणजे गळतीची एक जागा वाढली. टाकीच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. बॅगा तोलायच्या लटकत्या काट्यावर टाकी तोला, तेवढं वजा करा, हिशोब संपला.

पेटवल्यापेटवल्याच ज्योत पिवळी, भांड्याला काजळी

निळ्या ज्योतीला पुरेशी हवा मिळते, पिवळीला मिळत नाही. ही हवा बर्नरच्या खालच्या लांबट नळीच्या तोंडातून, जेटच्या (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याच्या) शेजारून आत जाते, आणि खानदेशात हे तोंड बुजायला कारणं भरपूर आहेत.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कापसाच्या गाड्या जिनिंगकडे धावत असतात. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लोंबकळताना दिसतो ना, तोच उडून गाडीत येतो. पंख्याच्या जाळीवर साचलेला दिसतो, बर्नरच्या नळीत गेलेला दिसत नाही. मे महिन्यात काळ्या मातीची धूळ त्याची जागा घेते. आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर कोळी आणि कुंभारीण माशी. मातीचं इवलंसं घरटं अख्खी नळी बंद करायला पुरतं.

सफाई अशी करा:

1. टाकी बंद करा, शेगडी पूर्ण गार होऊ द्या, बर्नर उचलून काढा.
2. नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. पलीकडचा उजेड गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. कडेला केसाळ काही दिसलं तर तो कापूस.
3. बाटली घासायच्या पातळ ब्रशनं कोरडंच साफ करा. पाण्यानं धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.
4. पितळी टोपीची भोकं दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासा.
5. जेटला सुई, सेफ्टी पिन, तार घालू नका. त्याचं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. पितळ मऊ, सुई कडक. भोक जरासं वाढलं तरी गॅस जास्त आणि हवा तेवढीच, म्हणजे ज्योत आणखी पिवळी. जेट पान्यानं काढून सायकलच्या पंपानं हवा मारा. फरक पडला नाही तर त्याच मापाचा नवा बसवा. जेटची किंमत वाचवण्यासारखी नसते.

भरिताचं वांगं गाडीतल्या बर्नरवर भाजू नका. साल जळून तिची राख आणि वांग्याचं पाणी बरोब्बर टोपीच्या भोकांत उतरतं. ते बाहेर पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजावं, चवही तिथलीच खरी. मांड्यांचं खापरही आत नकोच. एवढं रुंद भांडं बर्नरवर पालथं पडलं की ज्योतीला बाजूनं मिळणारी हवा तुटते, उष्णता खाली परतते आणि नॉब, नळी दोन्ही तापतात. बर्नरवरचं भांडं शेजारच्या बर्नरवर किंवा नॉबवर सरकत असेल तर ते गाडीसाठी मोठं आहे.

सगळं साफ असूनही ज्योतीचे शेंडे पिवळेच राहत असतील आणि शेगडी परदेशातून मागवलेली असेल, तर तिची पाटी वाचा. फक्त प्रोपेनसाठी बनलेल्या शेगडीचं जेट आपल्या ब्युटेनमिश्रित गॅसला थोडं मोठं पडतं. पाटीवर ब्युटेन-प्रोपेन आणि दाब 30 मिलिबार असेल तर आपल्या घरगुती रेग्युलेटरशी जमतं. 50 मिलिबार असेल तर ती इथे कायम मरगळलेलीच चालणार, आणि त्यावर 'हाय प्रेशर' रेग्युलेटर हा उपाय नव्हे. ते भट्टीचं सामान आहे. घरगुती शेगडीचे कॉक (नॉबमागचे व्हॉल्व्ह) त्या दाबासाठी बनलेले नसतात.

घाट उतरल्यावर बिघडते

कन्नड घाट, चरणमाळ, चांदसैली किंवा साधा खड्ड्यांचा रस्ता, परिणाम एकच. घरगुती शेगडीचा बर्नर जेटवर नुसता टेकवलेला असतो, त्याला धरून ठेवणारं काही नसतं. धक्क्यांनी नळी जेटवरून पाच-सात मिलिमीटर सरकली की पेटवताना 'भप्' आवाज येतो आणि ज्योत वर न लागता खाली, नॉबजवळ लागते. ताबडतोब बंद करा, गार होऊ द्या, बर्नर पुन्हा नीट बसवा. कायमचा इलाज म्हणजे बर्नरला पातळ स्टीलच्या तारेनं किंवा पट्टीनं खालून अडकवणं, किंवा मुळात बर्नर स्क्रूनं कसलेला हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) घेणं. निघण्याआधी बर्नर काढून फडक्यात गुंडाळून ठेवणारेही आहेत, आणि खराब रस्त्याला तेच उत्तम.

दुसरं म्हणजे जोड. टाकी ते शेगडी एकच नारिंगी सुरक्षा नळी असेल, तर ती आयएसआय छापाची हवी, दीड मीटरपेक्षा लांब नको, दोन्हीकडे नोझलच्या सगळ्या कड्या झाकेपर्यंत आत ढकललेली हवी आणि पाच वर्षांनी बदलायची. पाच वर्षं ही घरातल्या नळीची मुदत. गाडीत ती वाकते, घासते, तापते, म्हणून दर प्रवासाआधी वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की बाद. पत्र्याच्या भोकातून, कपाटाच्या भिंतीतून ही नळी कधीच न्यायची नाही. तिथे तांब्याचा पाइप लागतो. त्याला दर अर्ध्या मीटरवर क्लॅम्प, पत्र्यातून जाताना रबरी बूच आणि टाकीजवळ एक मोकळा वळसा, म्हणजे थरथर जोडावर न येता वळशात जिरते. फ्लेअरच्या (पाइपचं टोक पसरवून केलेल्या) जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळणारे मिस्त्री खूप आहेत. तो जोड पितळावर तांबं दाबून बंद होतो, मध्ये टेप आली की नीट बसत नाही.

गळती बघायला काडेपेटी नव्हे, साबणाचा फेस. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचं चमचाभर द्रव, ब्रशनं प्रत्येक जोडावर लावा, टाकी चालू, शेगडीचे नॉब बंद, आणि प्रत्येक जोडाकडे मिनिटभर बघत राहा. मोठी गळती लगेच फुगे काढते, बारीक गळती हळूहळू पांढरा पुंजका जमवते. घाईत ती सुटते.

याहून पक्की परीक्षा गवंड्याच्या लेव्हलच्या नळीनं होते. दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, 'यू' आकारात फळीवर बांधा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. गाडीची दारं उघडी, आसपास जाळ नाही, असं ठेवून एका बर्नरच्या जेटवर नळीचं टोक घट्ट बसवा आणि तो नॉब उघडा. घरगुती रेग्युलेटर 30 मिलिबारच्या आसपास दाब देतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण 30 सेंटिमीटरचा फरक पडतो. काहीच वापर नसताना तो थोडा जास्तही दिसेल. आता टाकी बंद करा आणि दहा मिनिटं बघा. पाणी जागचं हललं नाही तर लाइन घट्ट आहे. फरक 30 च्या खूप खाली असेल तर रेग्युलेटर किंवा अडथळा, आणि पाणी उसळून बाहेर आलं तर रेग्युलेटर निकामी, त्याच क्षणी बाद. रेग्युलेटर बदलायचा निर्णय या पाण्यावर घ्यावा, अंदाजावर नाही.

रेग्युलेटरवर एक बारीक भोक असतं, ते आतल्या पडद्याला श्वास घ्यायला. त्यात धूळ-तेलाचा मेण बसला की दाब कमी-जास्त होतो. कोरड्या ब्रशनं साफ करा. टेप लावून 'सील' करू नका.

गाडी धावत असताना टाकी बंद आणि रेग्युलेटर काढून टोपी लावलेली असावी. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी तर नक्कीच, आणि फ्रिज गॅसवर असेल तर तोही विझवून.

नॉब सोडला की विझते

ज्या शेगडीत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होण्याची सोय आहे, तिच्यात ज्योतीशेजारी पेन्सिलच्या टोकासारखा थर्मोकपल असतो. तो तापला की काही मिलिव्होल्ट वीज तयार करतो आणि तेवढ्यावर आतला चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरतो. पेटवल्यावर नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. तरी विझते तर तीन गोष्टी बघा. टोकावर काजळी किंवा उतू गेलेलं दूध आहे का (बारीक पॉलिश पेपरनं पुसा), टोक ज्योतीत आहे की धक्क्यानं बाजूला झुकलंय, आणि मागची छोटी चाकी (नट) ढिली झालीय का. शेवटचं कारण गाडीत सगळ्यात जास्त सापडतं. बोटानं घट्ट करून पान्यानं पाव फेरा, त्याहून जास्त नाही. ही सोय त्रास देते म्हणून काढून टाकायला सांगणारा मिस्त्री भेटला तर दुसरा शोधा. खिडकीतून वाऱ्याचा झोत येऊन ज्योत विझणं गाडीत रोजचं आहे, आणि साध्या शेगडीत गॅस तसाच येत राहतो.

मे महिना आणि गल्लीत भरलेली टाकी

जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत याहून कितीतरी जास्त तापतं. कंपनीची टाकी हे सोसण्यासाठीच बनते. तिच्यात वाफेसाठी 15-20 टक्के जागा मोकळी सोडलेली असते, कारण हा द्रव दर 10 अंशांना दोन-तीन टक्के फुगतो. गल्लीत मोठ्या टाकीतून उलटून भरून घेतलेल्या दोन-तीन किलोच्या टाकीत ही जागा किती सोडली कुणी बघत नाही. काठोकाठ भरलेली टाकी तापली की द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. असं भरणं बेकायदाही आहे. पाच किलोची टाकी ओळखपत्र दाखवून अधिकृतपणे विकत मिळते, तीच घ्या, आणि कड्यावरची तपासणीची तारीख वाचा. A-27 म्हणजे 2027 चा मार्च, B जून, C सप्टेंबर, D डिसेंबर.

टाकीची पेटी आतून बंद आणि बाहेर, तळाला, उघडी असावी. निदान 10 × 10 सेंटिमीटरचं भोक, त्याला जाळी, आणि गाडीच्या सायलेन्सरपासून लांब. चिखलानं हे भोक बुजतं, पावसाळ्यात दर मुक्कामी बोट घालून बघा. गॅसचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर लावायचा. तो स्प्रे, स्पिरिट किंवा चार्ज होणाऱ्या साध्या बॅटरीच्या वाफेवरही ओरडतो. ओरडला की आधी गळती समजूनच वागा, कारण नंतर शोधा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपण्याच्या उंचीला. काचा लावून शेगडीवर गाडी ऊबदार करणं जीवघेणं आहे. या वायूला वास नसतो, आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग उठायचं त्राण राहत नाही. घरातल्या बाथरूमचा गॅस गिझर तर गाडीत आणूच नका. गाडीसाठीचा गिझर हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, तसाच हवा.

गॅसवरच्या फ्रिजबद्दल थोडक्यात: तो अमोनियाच्या आपोआप फिरण्यावर चालतो, त्यामुळे गाडी तिरपी उभी असेल तर ज्योत पेटलेली असूनही गार होत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर कायमचा जातो. गाडी सपाट उभी करा, मागच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. तरीही आपल्या मे महिन्यात तो रडतोच. खानदेशात फिरायचं असेल तर 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यावा आणि गॅस चुलीपुरता ठेवावा.